वाऱ्याचा बुरूज फत्ते जाहला त्याची हकीकत

पृथ्वीवर लढाया बहुत जाहल्या. कित्येक राज्ये बुडाली, कित्येक उभी राहिली, नद्या तांबड्या वाहिल्या, आणि त्या सर्वांचे वृत्तांत शहाण्यांनी लिहून ठेविले. परंतु जिजवर दोन मुलखांची इभ्रत, पुढील शंभर वर्षांची विद्या आणि एका घराण्याची शांतता अवलंबून होती ऐसी लढाई एकच जाहली, आणि ती दुपारी, जेवणानंतर, एका खोलीत, खुर्च्यांवर बसून लढली गेली. तिची हकीकत कोणी लिहिली नाही, म्हणोन आम्ही लिहितो. ऐकीव मजकूर यात घेतला नाही. जे पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते ज्यांनी पाहिले त्यांस चहा पाजून विचारून घेतले.

मूळ कारण ऐसे. उष्ण मुलूख आणि थंड मुलूख या उभयतांची दोस्ती जाहली, आणि दोस्तीची काही खूण पाहिजे म्हणोन मसलत होऊन ठरले की उष्ण मुलखाच्या माळावर विज्ञान संशोधनाचे एक थोर संकुल उभारावे, त्यात उभय मुलखांच्या विद्वानांनी एकत्र बसून हवा, पाणी व माती यांचा शोध घ्यावा, आणि संकुल ऐसे असावे की त्याने तेथील हवामानाशी वैर न धरिता हवामानाच्या कलाने राहावे. हे कलम सर्वांस पसंत पडले. त्याचा अर्थ कोणी कोणास विचारिला नाही, म्हणोन तह लवकर जाहला.

मग नकाशे मागविले तेव्हा घोळ ध्यानी आला. थंड मुलखाचे विद्वान येताना जाड भिंतींची, चौकांची व झरोक्यांची चित्रे घेऊन आले, कारण की उष्ण मुलखात ऐसेच बांधितात ऐसे त्यांनी पुस्तकात वाचिले होते. आणि उष्ण मुलखाच्या कारभाऱ्यांनी पाहुण्यांचा मान राखावा म्हणोन सर्वांगी काचेचे, कोठेही न उघडणारे, उन्हात डोळे दिपविणारे महाल आधीच रेखून ठेविले होते, कारण की थंड मुलखात ऐसेच असते ऐसे त्यांनी माहितीपत्रकात पाहिले होते. उभयतांनी परस्परांची चित्रे पाहिली, परस्परांस "वा" म्हटले, आणि मनात हवालदिल जाहले. येणेंकरून दोन पक्ष पडले, एक काचेचा आणि एक भिंतीचा. आणि नवल हे की जे उन्हात जन्मले ते सारे काचेच्या निशाणाखाली उभे राहिले, व जे बर्फात वाढले ते सारे भिंतीच्या.

भिंतीच्या पक्षात उष्ण मुलखाची एकच असामी होती, परंतु ती मातबर. ती म्हणजे संकुलाच्या मुख्य वास्तुकार. त्यांस अवघी कचेरी वहिनी म्हणे. कारण की त्यांचे सख्खे धाकटे दीर त्याच कचेरीत नोकरीस, ते वहिनी म्हणत, मग शेजारच्या टेबलाने म्हटले, मग जिन्याने म्हटले, आणि सरतेशेवटी खासे संचालकसाहेबही भर सभेत "वहिनींचं म्हणणं काय आहे?" ऐसे पुसू लागले. वहिनींची विद्या थोर आणि नशीब चमत्कारिक. त्यांनी आजवर ज्या ज्या इमारतीत उघडणारी खिडकी रेखिली, त्या त्या इमारतीत बांधकाम संपता संपता कोणी ना कोणी कारभारी येऊन ती कायमची बंद करी आणि तीवर काच बसवी. मग वहिनी उद्घाटनास जात, आपल्या खिडकीसमोर उभ्या राहात, आणि आत गार हवेत शाल पांघरून उभ्या असलेल्या लोकांची शाबासकी घेऊन घरी येत. यंदा त्यांनी मनाशी पण केला की संकुलाची खिडकी उघडली तर उघडली, नाही तर नकाशाची पेटी माळ्यावर टाकावी आणि याउपरी लोकांच्या स्वयंपाकघरांची कपाटे रेखावी. हा पण त्यांनी कोणास सांगितला नाही. यजमानांस सांगितला, परंतु ते पेपर वाचीत होते.

काचेच्या पक्षाचे सरदार म्हणजे तेच धाकटे दीर. शीतयंत्रांचे इंजिनिअर, अंगाने धिप्पाड, मनाने प्रामाणिक, आणि सोळा अंशांखाली ज्यांस विचार सुचतात ऐसे. त्यांचा विश्वास की मनुष्यजातीने आजवर जे काही बरे केले ते थंड हवेत केले, आणि घामाने एकही शोध लागला नाही. ते बोलणे अगदीच टाकाऊ नव्हते. प्रयोगशाळेच्या यंत्रांस गार हवा पाहिजेच, हे वहिनींसही कबूल होते. तंटा होता तो माणसांच्या खोल्यांचा.

दीर व वहिनी एकाच घरी नांदत. वरील मजला दीरांचा, खालील वहिनींचा, आणि सरहद्दीवर दीरांच्या शीतयंत्राचा बाहेरील डबा, जो वहिनींच्या गॅलरीतील कुंड्यांवर अहोरात्र उष्ण श्वास टाकी, म्हणोन तेथील रोपे बारमाही उन्हाळा भोगीत. या सरहद्दीवरून आजवर चकमकी पुष्कळ जाहल्या, पण युद्ध नव्हते. थोरले बंधू, म्हणजे वहिनींचे यजमान, हे तटस्थ संस्थान. ते दोन्ही मजल्यांवर जेवीत.

ऐसे असता संचालकसाहेबांकडे फैसला गेला. संचालकसाहेबांची ख्याती ऐसी की निर्णय पुढे ढकलावा तर त्यांनीच. परंतु या खेपेस दोन्ही मुलखांचे डोळे लागले होते, म्हणोन त्यांनी बहुत विचार करून फर्मान काढिले. ते येणेंप्रमाणे: नियोजित माळावर वास्तुकारांनी आपल्या पद्धतीची एक नमुन्याची खोली बांधावी. भर उन्हाळ्यात, दुपारी, उभय मुलखांच्या समितीने त्या खोलीत एक बैठक आरंभापासून अखेरीपर्यंत करावी. बैठक चालू असता एका जरी सभासदाने हात वर केला तर त्यास उकाडा असह्य जाहला ऐसे समजावे आणि संकुल काचेचे व्हावे. कोणीच हात वर न केला तर यंत्रांच्या खोल्या तेवढ्या शीतयंत्रांस द्याव्या आणि माणसांच्या सर्व खोल्या वाऱ्यावर चालाव्या. हात वर करणे हीच खूण का, ऐसे कोणी पुसिले, तेव्हा साहेब बोलिले की तोंडाने सांगू दिले तर चर्चा होते.

मग वहिनींनी खोली बांधिली. भिंती हातभर जाड, पूर्वेस एक उघडणारी खिडकी, छपराचा पुढावा ऐसा की दुपारचे ऊन उंबऱ्याबाहेरच थबके. आणि पश्चिमेच्या अंगास, जिकडून माळावर वारा येतो तिकडे, एक उंच बुरूज. त्यास वाऱ्याचा बुरूज म्हणत. बुरुजाच्या माथ्यावर वाऱ्याकडे तोंड केलेला मोठा चौकोनी झरोका, त्याच्या आत पाण्याने भिजविलेल्या जाळ्या. वारा झरोक्यातून शिरे, जाळ्यांवर ओला होऊन जड होई, मग बुरुजातून खाली खोलीत उतरे, आणि खोलीतील तापलेली हवा समोरील भिंतीच्या उंच झडपांवाटे बाहेर काढून देई. यात फिरणारे चाक एकही नाही. दीरसाहेबांनी येऊन पाहिले, बुरुजाभोवती एक फेरी मारिली, आणि "वहिनी, याचं बटण कुठाय?" ऐसे विचारून परत गेले.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी सर्व कुटुंब खालच्या मजल्यावर जेवावयास बसले, तेथे जो संवाद जाहला तो खबरगिरांनी आणिला तो ऐसा. दीर म्हणाले, "वहिनी, उद्या पाहुण्यांसाठी टॉवेल ठेवा. रुमालाने भागायचं नाही." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तुमचं स्वेटर घरी विसरा म्हणजे झालं, भाऊजी." मग थोरल्या बंधूंनी भाताचे भांडे पुढे सरकवून तटस्थता दाखविली. तेव्हा सासूबाई, ज्या या घरच्या खऱ्या हुकमी मालक, त्या गरजल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "दोघांनीही ऐका. हरेल त्याने घरी येऊन तोंड पाडून बसायचं नाही, आणि जिंकेल त्याने जेवताना विषय काढायचा नाही. आणि तो डबा कुंड्यांवरून हलवा, कोणी का जिंकेना." हे फर्मान उभय पक्षांस मान्य जाहले. डबा मात्र हलला नाही.

दुसरे दिवशी सूर्य ऐसा तापला की माळावरील दगडही सावली शोधू लागले. समिती येऊन दाखल जाहली. उष्ण मुलखाचे तीन सभासद: संचालकसाहेब अध्यक्ष, दीरसाहेब, आणि प्रशासन अधिकारी, ज्यांस कोणत्याही ठरावात आधी त्याचा क्रमांक दिसे. थंड मुलखाचेही तीन: हवाशास्त्राचे एक उंच प्राध्यापक आणि त्यांचे दोन सोबती. प्राध्यापकांनी येथील भाषा शिकण्याचा उद्योग केला होता आणि त्यातून त्यांच्या पदरी एकच वाक्य पक्के पडले होते, ते म्हणजे "काही हरकत नाही." तेवढ्यावर त्यांचा कारभार बिनबोभाट चाले. ते नेहमी जवळ एक काडी बाळगीत, तिच्या टोकास रेशमी फीत. ती धरिली की वारा कोठून येतो ते कळे. वहिनींस सभासदत्व नव्हते. ज्याची परीक्षा त्याने मत देऊ नये, ऐसा नियम. त्या भिंतीशी एका स्टुलावर बसल्या.

बैठक सुरू जाहली. प्रथम स्वागत जाहले, मग स्वागताबद्दल आभार जाहले. तोवर खोलीत हवा हलेना. मग गतवेळच्या बैठकीचा वृत्तांत वाचण्यास आरंभ जाहला आणि प्रशासन अधिकाऱ्यांच्या कानामागून घामाचा पहिला थेंब निघाला आणि कॉलरीत दाखल जाहला. त्याच्या पाठोपाठ मोठी फौज उतरली. प्राध्यापकांचा चेहरा प्रथम गुलाबी, मग लाल, मग विटेच्या रंगाचा जाहला. त्यांनी फितीची काडी टेबलावर उभी धरिली. फीत मेल्यासारखी लोंबत राहिली. वहिनींनी ती पाहिली आणि बुरुजाच्या वाटेकडे कान लाविला. बाहेर तर वारा होता. येताना त्यांच्या हातातील कागद उडाले होते. मग तो वारा गेला कोठे?

सोबत्यांपैकी एकाच्या नाकावर माशी बसली. त्यांनी हात उचलिला, अर्ध्यावर आणिला, आणि अवघ्या सभेने श्वास रोखिला. मग त्यांस शर्त आठवली आणि त्यांनी हात खाली नेऊन माशीवर नुसती फुंकर घातली. दीरसाहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते. त्यांस फार काही करावयाचे नव्हते. कोणाचा तरी हात उठेलच, एवढेच पाहायचे होते.

वहिनी "दोन मिनिटांत आले" म्हणोन बाहेर पडल्या आणि बुरुजास वळसा घालून पश्चिमेस आल्या, आणि वर पाहिले तर बुद्धी थिजली. बुरुजाच्या माथ्यावरील झरोका ज्या ठिकाणी असावा त्या ठिकाणी एक मोठा फ्लेक्स ताणून बांधिला होता, चारी कोपरे कडेकोट, तसूभर फट नाही. त्यावर उभय मुलखांची निशाणे, सहा सभासदांची नावे मानाच्या क्रमाने, संचालकसाहेबांचे छायाचित्र नावापेक्षा मोठे, आणि खाली ठळक अक्षरे: "नैसर्गिक वायुवीजनाच्या प्रयोगास हार्दिक शुभेच्छा."

फ्लेक्सखाली प्रसिद्धी अधिकारी उभे होते. त्यांस कचेरीत फ्लेक्सराव म्हणत.

"हे इथे कोणी लावलं?" वहिनींनी विचारिले.

"मीच. आवडलं ना? लांबून रस्त्यावरून दिसतं. वर मोकळी चौकट होती आणि हुकही तयार होते."

"ते हुक जाळीचे आहेत. ही चौकट म्हणजे खोलीचं नाक आहे. काढा."

"मॅडम, कसं काढू? दोन देशांचे झेंडे आहेत त्याच्यावर. झेंडा उतरवायचा तर दोन्हीकडची परवानगी लागते. उद्या कोणी फोटो काढला, झेंडा खाली ओढताना, तर माझं काय होईल?"

"मग मी काढते. शिडी कुठाय?"

"तुम्हालाही नाही काढू देणार. शिडी मी धरून उभा आहे ती त्यासाठीच."

मग वहिनी परत आत आल्या आणि अध्यक्षांच्या कानाशी लागून सर्व मजकूर निवेदिला. संचालकसाहेबांनी कपाळ पुसण्याचा मोह आवरून सभेस कळविले की बाहेरील फलक उतरविण्याचा प्रस्ताव आहे, उभय पक्षांची संमती पाहिजे. सर्वांची संमती होती, प्राध्यापकांनी तर तीनदा "काही हरकत नाही" म्हटले; परंतु प्रशासन अधिकारी म्हणाले की झेंड्याचा विषय असल्याने तोंडी संमती चालणार नाही, मतदान घ्यावे लागेल. मग संचालकसाहेब म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी हात..." आणि तेथेच थबकले.

कारण की हात वर केला तर संकुल काचेचे होत होते.

ऐसा पेच पडला की त्यास तोड नाही. फलक उतरवावा तर हात वर केला पाहिजे, हात वर केला तर फलक उतरवून उपयोग नाही. हात न उचलिता पाय उचलावा ऐसी तजवीज एका सोबत्यांनी सुचविली. प्रशासन अधिकाऱ्यांनी ती नियमात शोधिली, सापडली नाही. खोली तापत होती. बुटांचे चामडे वास देऊ लागले. वहिनी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट धरिले. स्वयंपाकघरांची कपाटे त्यांस स्पष्ट दिसू लागली, बिजागऱ्यांसकट.

या समयी दीरसाहेब उठले. तोंडावर पाणी मारून येतो ऐसे सांगून बाहेर गेले, आणि नळाशी न जाता बुरुजाखाली जाऊन उभे राहिले, वर पाहिले, आणि बराच वेळ पाहात राहिले. येथे मतभेद आहे. काही म्हणतात की ते मोठ्या मनाचे म्हणोन गेले. आम्हांस ते खरे वाटत नाही. ते इंजिनिअर म्हणोन गेले. हवा आत येण्याची वाट कोणी बंद केली आहे, आणि आपण खाली उभे राहून ते पाहात आहो, हे त्यांच्याने सोसवेना. यंत्र शत्रूचे का असेना. ते घरीही दुसऱ्याच्या पंख्यावरील धूळ पुसून येत.

फ्लेक्सरावांनी शिडी मिठीत घेतली. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही हे दीरसाहेबांनी जाणिले आणि निराळाच मोर्चा लाविला.

"काय राव, किती वेळ उन्हात ठेवलेत झेंडे?"

"सकाळपासून. का?"

"रंग उडायला लागलाय. तो डावीकडचा बघा. लाल होता ना सकाळी?"

फ्लेक्सरावांनी डावीकडे पाहिले. झेंडा होता तैसाच होता, परंतु डोळ्यांत ऊन गेल्याने त्यांस तो फिका दिसला.

"अरे देवा. आता?"

"सावलीत घ्यावा लागेल. मानाने. तुम्ही ते टोक धरा, मी हे धरतो. जमिनीला लागता कामा नये."

मग उभयतांनी शिडी लाविली, गाठी सोडिल्या, फलक अदबीने खाली आणिला, घडी घालून सावलीत नेला, आणि फ्लेक्सरावांनी त्यापुढे हात जोडून ठेविले. कोणाची परवानगी लागली नाही, कारण की कोणी झेंडा उतरविला नव्हता. झेंड्यांस सावलीत नेले होते.

आणि मग वारा आला. प्रथम बुरुजात घुमल्यासारखा आवाज जाहला, जैसे कोणी मोठा मनुष्य घसा साफ करितो तैसा, मग ओल्या जाळ्यांचा मातकट वास आला, मग टेबलावरील कागदांची टोके हलली, मग प्रशासन अधिकाऱ्यांची कॉलर सुकू लागली, आणि प्राध्यापकांच्या काडीवरील फीत हळूहळू उठली आणि आडवी होऊन थरथरू लागली. प्राध्यापकांनी ती पाहिली, वहिनींकडे पाहिले, आणि या खेपेस त्यांनी काहीच म्हटले नाही. नुसते मान हलवून हसले. समोरील उंच झडपांतून तापलेली हवा निघून गेली आणि खोलीत ऐसा गारवा उतरला की ज्यात थंडी नाही. अंगावरून कोणी हलक्या हाताने ओला पदर फिरवावा तैसा.

दीरसाहेब परत येऊन आपल्या खुर्चीत बसले. वहिनी स्टूल थोडे पुढे ओढून हळूच बोलिल्या, "तुम्ही काढलात?"

"इनलेटच बंद होता, वहिनी. इनलेट बंद असताना जिंकायचं म्हणजे कसली मजा." मग अजेंड्याचा कागद पुढे ओढून म्हणाले, "आता बघू. अजून अजेंडा बराच आहे."

"बघा की."

अजेंडा खरेच बराच होता. वाहनतळाच्या झाडांचा विषय निघाला, मग पावसाच्या पाण्याच्या टाक्यांचा, मग उभय मुलखांच्या नामफलकांवर कोणती भाषा वर असावी याचा, ज्यावर एरवी तासन्‌तास रणे माजतात. परंतु त्या दिवशी कोणासही भांडावेसे वाटेना. सभासद खुर्च्यांत सैल जाहले. दीरसाहेबांनी डोळे विचारासाठी मिटिले. विचार खोल होता, कारण की थोड्याच वेळात त्यास आवाज येऊ लागला, नियमित, दमदार, चांगल्या कॉम्प्रेसरसारखा. वहिनींनी ऐकिला आणि खाली पाहून पदराने ओठ झाकिले.

मग संचालकसाहेबांनी मुख्य ठराव वाचिला: की संकुलातील माणसांच्या सर्व खोल्या जाड भिंतींच्या, वाऱ्यावर चालणाऱ्या, आणि उघडणाऱ्या खिडक्यांच्या असाव्या, यंत्रांच्या खोल्यांस शीतयंत्रे द्यावी, ज्यांस हे मान्य नसेल त्यांनी हात वर करावा. साहेबांनी सभेवर नजर फिरविली. एकही हात वर नव्हता. तेव्हा त्यांनी ठराव मंजूर ऐसे जाहीर केले, दस्तुरखुद्द सही केली, आणि वहिनींस म्हणाले, "अभिनंदन, वहिनी. एवढी शांत बैठक माझ्या कारकिर्दीत झाली नाही." वहिनींनी आभार मानिले आणि उठोन स्वहस्ते ती खिडकी आणखी थोडी उघडिली.

येणेंप्रमाणे भिंतीच्या पक्षाने मैदान मारिले, काचेच्या पक्षाने मानाने माघार घेतली, उभय मुलखांचा स्नेह वृद्धिंगत जाहला, आणि ही फत्ते एका मतानेही विरोध न होता मिळाली ऐसे सरकारी दप्तरी नमूद आहे. पुढील पिढ्यांनी ध्यानी ठेवावे म्हणोन हे लिहिले. अधिकउणे वाटल्यास बैठकीस हजर असलेल्यांस विचारावे.

ठराव मंजूर जाहला तेव्हा सहापैकी पाच सभासद झोपले होते.